इंजिनाला काच पाजताना

प्रिय बाबा,

आणि वर तुम्ही मलाच खाटीक म्हणता. आईनं सांगितलं नाही तरी मला कळतं. कुणी विचारलं, धाकटा काय करतो, की तुमचं उत्तर ठरलेलं, लांब कुठंतरी असतो, गाड्या कापतो, खाटीक आहे. बरं, खाटीक तर खाटीक. पण खाटकाला निदान जनावर कुणाचं ते विचारता येतं. इथं तसं विचारायची सोय नाही. फाटकातून येईल ती गाडी मारायची.

सरकारची योजना मी तुम्हाला घर सोडलं त्याच दिवशी समजावून सांगत होतो. धूर ओकणारा जुना ट्रक द्या, बॅटरीवरच्या नव्या ट्रकचे निम्मे पैसे सरकार भरतं. तुम्ही म्हणालात, शिवणयंत्रासारखी कुरकुरणारी गाडी मी चालवायची होय, आणि हातातला पाना फेकून मारलात. माझ्या कानाजवळून गेला आणि आपल्या म्हातारीच्या दारावर आदळला. गाडीला म्हातारी म्हणायचात आणि आईपेक्षा जास्त जपायचात, म्हणून तर दाराला पडलेला खड्डा बघून तुम्ही मला उंडगा म्हणत आणखी दोन ठेवून दिल्या. आई म्हणते, त्यांनी मुद्दाम चुकवला. मला कधी पटलं नाही.

योजनेची अट एकच, जुनी गाडी पुन्हा कधी रस्त्यावर येता कामा नये. म्हणून तिला नुसतं भंगारात टाकून भागत नाही. आधी ऑइल काढून घेतो. मग त्या जागी पातळ काच, म्हणजे काचेचं रसायन, ओततो, दिसायला साखरेच्या पाकासारखी. इंजिन चालू करायचं आणि ॲक्सिलरेटर दाबून धरायचा. आत काच तापून घट्ट होते. गाडी आधी खोकते, मग किंचाळते, मग बॉनेट आतून कुणी लाथा घातल्यासारखं हादरतं आणि एकदम सगळं जाम. त्यानंतर इंजिनच्या ब्लॉकला भोक पाडायचं, केबिनच्या मागं चेसी गॅसनं कापायची, योजनेच्या साहेबानं फोटो काढायचे. मालकानं शेजारी उभं राहायचं, तसा नियमच आहे. बाबा, मोठमोठे गडी तोंड फिरवतात. एकानं इंजिन किंचाळायला लागल्यावर माझ्यावर पहार उगारली. खांद्यावर बसली. मी त्याला खाली पाडून त्याच्या छातीवर बसलो, तर तो माझ्याखाली ढसाढसा रडायला लागला. मग मीच त्याला चहा पाजला. असला माझा धंदा.

गेल्या आठवड्यात दुपारी एक ट्रक आत आला. मी गॅसच्या नळ्या जोडत होतो, मान वर केली नाही. पण तिसरा गिअर पडताना जो खरखरून आवाज आला, त्यानं माझे हात थांबले. दारावर खड्डा होता. गिअरच्या दांड्याला पितळी नळाची चावी होती, तुम्ही बसवलेली. आणि त्याच्या आदल्याच दिवशी तुम्ही फोनवर म्हणाला होतात, गाडी दारात उभी आहे, रंगाला काढलीय, सुटीला येशील तेव्हा ओळखणार नाहीस.

मी ओळखली. तिच्याबरोबर एक दलाल होता, बगलेत चामडी पाकीट. आमच्या मुकादमाला म्हणाला, मालक अंथरुणाला खिळलाय, मी त्याचा भाऊ. तुम्हाला भाऊ नाही हे मला माहीत, पण मी नळ्या जोडत राहिलो. म्हटलं, तुम्हीच विकली असेल तर मी कोण? मुकादम म्हणाला, काच दुसरा कुणी ओतेल. मी म्हटलं, नको. परक्याच्या हातून नको. तुम्ही लहानपणी शिकवलंत तसं आधी तिला जागेवर थोडं चालू ठेवलं, गरम होऊ दिलं. मग ओतली. बाबा, ती लवकर मरेना. बाकीच्यांच्या दुप्पट वेळ घेतला तिनं. मी ॲक्सिलरेटर दाबून धरला होता आणि ती ओरडत होती, आणि तो दलाल फोटोसाठी तिच्या बॉनेटवर हात ठेवून दात काढत उभा होता. साहेबानं कागद वाचला. मालक म्हणून अजून तुमचंच नाव होतं, खाली तुमची सही, आणि पैसे घ्यायला मात्र त्याचं.

मग मला काही सुचलं नाही. त्याची मान धरून तोंड त्याच गरम बॉनेटवर आपटलं. एकदा नाही. त्यानं हातोडा उचलून माझ्या डाव्या हातावर मारला, दोन बोटं कामातून गेली. मी त्याच हातानं त्याचा जबडा मोडला. चौघांनी ओढून बाजूला केलं तेव्हा म्हातारीवर आम्हा दोघांचं रक्त होतं. तुमची राग आवरायची शिकवण बघा किती कामाला आली.

शेवटी तो बोलला. जबडा धरून बोलला. त्यानं तुम्हाला सांगितलं होतं, योजना बंद पडली, आता ही लोखंडाच्या भावात जाईल, कोऱ्या कागदांवर सह्या करा. आणि तुम्ही केल्यात, वर मला रंगाची थाप मारलीत. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. पण खाटकाला कोण विचारतो.

आता रागवायचं ते इथं येऊन रागवा. साहेबानं दलालाचं नाव खोडलंय. म्हातारी नियमानं मेली आहे, तिचे सरकारी पैसे तुमचेच आहेत, पण महिनाअखेरपर्यंत मालकानं स्वतः येऊन उभं राहायला हवं. त्या कापलेल्या चेसीशेजारी, माझ्याजवळ. तोंड बघणार नाही म्हणाला होतात, तर नका बघू, फोटोत दोघांनाही समोरच बघायचंय. सही झाली की समोरच्या शोरूममधून नवी गाडी निघते. हप्ते दोघं मिळून फेडू. चालवा तुम्ही, मी शेजारी बसेन. कुरकुरली तर मला शिव्या द्या. दार मी कापलं नाही, खड्ड्यासकट ठेवलंय. मुकादम म्हणतो, इतक्या जवळून फेकलेला पाना चुकवायचा असेल तरच चुकतो.

आईलाही आणा. परतीचं तिकीट पाठवत नाही, परत आपल्या गाडीतूनच जायचंय. फक्त इकडं येण्याचे, दोघांचे मिळून, अठराशे चाळीस रुपये सोबत आहेत.

तुमचाच,
उंडगा