ओढ्यापलीकडची ओढणी

वरचं गाव, चुकुर्जाजवळ
१२ फेब्रुवारी १९९५

प्रिय झेरीफे वहिनी, आणि तूच माझी वन्संसुद्धा,

पेरीखानचा सलाम. घरातल्या थोरांच्या हातांचे आणि तिन्ही पोरांच्या गालांचे मुके. वि. वि.

खेचरवाल्यानं तुझं पत्र चहाच्या पोत्यात खुपसून आणलं, अजून त्याला चहाचा वास येतोय. तुझ्या दादानं, शेमदिननं, वाचून दाखवलं. मधेच घसा खाकरून त्यानं दोन ओळी गाळल्या. लठ्ठ म्हणालीस ना त्याला? खरं सांग! काय करणार बाई, तुझी तुर्की शाळेतली अक्षरं मला येत नाहीत आणि माझी इराकातली तुला येत नाहीत. तुझं पत्र मला तुझा भाऊ वाचणार आणि माझं तुला माझा. तहसीनदादा, तू मात्र काही गाळलंस तर याद राख.

वहिनी, तुला शिलाईमशीन हवंय असं कळलं. माझ्याकडे आलं म्हणून तुलाही हवं, बरोबरच आहे. अकरा वर्षांपूर्वी आपलं साटंलोटं झालं, ओढ्यातल्या सपाट दगडावर दोघी समोरासमोर उभ्या राहिलो, डोक्यावरच्या पांढऱ्या ओढण्या बदलल्या, तू खाली इराकात गेलीस, मी वर तुर्कस्तानात आले. एकीला जे मिळेल ते दुसरीला, हे तेव्हाच ठरलं होतं. मशीनचं बघते.

आता काळजीचं. शुक्रवारपासून रस्त्यावर लष्कराच्या गाड्यांची रीघ लागलीय. बर्फ वितळायला लागलं की ओढ्यापलीकडे जाणार, तुमच्या गावावरच्या गुहांमधल्या बंडखोरांवर. कप्तानानं सरकारी बंदूक घेतलेल्या सगळ्या जागल्यांना बोलावलं आणि वाटाड्या कोण होणार म्हणून विचारलं. सगळ्यांनी तुझ्या दादाकडे बघितलं, कारण लहानपणी मेंढ्या घेऊन तोच तिकडे हिंडलाय. जवळची वाट तुमच्या गावातून, अगदी तुझ्या दारावरून जाते. हा तिथून उठला. घरी आला आणि जेवलासुद्धा नाही. तुमच्याकडची मोठी माणसं काय म्हणतात, लवकर कळव.

माया आहे तशीच राहू दे,
पेरीखान

खालचं गाव, बरवारी खोरं
२६ फेब्रुवारी १९९५

पेरीखान वहिनीस झेरीफेचा सलाम. मुलींना पापे. वि. वि.

होय, लठ्ठ म्हणाले. पुन्हा म्हणते. वाच दादा, मोठ्यानं वाच!

तुझं पत्र तहसीननं आधी मनातल्या मनात वाचलं आणि मग मला वाचून दाखवलं. तेव्हाच मी समजले. इथं गोष्ट लपत नाही. दुसऱ्या दिवशी तुमचे काका हाजी तय्यब यांनी सगळ्या पुरुषांना बैठकीत बोलावून सांगितलं की शेमदिन सैन्याला घेऊन ओढा ओलांडेल त्या दिवशी साटंलोटं तुटलं. मला खेचरावर बसवून वर पोचवणार आणि तुला तिथून आणणार. पोरं ज्यांची त्यांच्याकडे, म्हणजे बापांकडे. माझं धाकटं अजून अंगावर पितंय, पेरीखान. हाजी तय्यबना हे सांगितलं तर म्हणाले, पुरुषांच्या शब्दात बाईनं पडू नये. अरे वा! त्या शब्दापायी अकरा वर्षं राबतंय कोण?

आम्हाला तर तिन्हीकडून मार आहे. डोंगरातले खाली येऊन पीठ नेतात आणि जागल्याचे सोयरे म्हणून आमच्याच तोंडावर थुंकतात. तहसीनच्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी यंदा अंकाराशी हात मिळवलाय, पेशमर्गांना, म्हणजे तहसीनसारख्या पक्षाच्या शिपायांना, हुकूम आहे की सैन्य आलं तर आडवं जायचं नाही. आणि काल रेडिओवर सांगत होते, समुद्रापलीकडचे तुर्कांचे मित्र कुरकुर करताहेत की इतकं सैन्य कशाला, किती दिवसांत परत येणार ते सांगा. तोफा त्यांनीच दिल्या म्हणे. या मोठ्या देशांचंही आपसात साटंलोटंच दिसतंय, फक्त त्यांच्यात कुणाला पोरं सोडून जावं लागत नाही.

दादा, आता तुझ्याशी बोलते. तू बंदूक का घेतलीस ते मला ठाऊक आहे. घेतली नसतीस तर सैन्यानं गाव रिकामं करायला लावलं असतं. त्याबद्दल मी कधी काही बोलले का? पण येऊ नकोस. तुझ्या भाचरांची शपथ आहे.

तुमचीच,
झेरीफे

वरचं गाव
१४ मार्च १९९५

झेरीफे वहिनीस सलाम, वि. वि.

या वेळी तुझ्या दादानं एक अक्षर गाळलं नाही. वाचून झाल्यावर बाहेर गेला आणि नीट रचलेली लाकडं पाडून पुन्हा रचत बसला. मग स्वतःच आत आला.

म्हणाला, नाही म्हणणं सोपं आहे. पण तो नाही म्हणाला तर कप्तान बहरीला नेणार. बहरीला तू ओळखतेस. मागच्या पानगळीत डोंगरातल्यांनी त्याच्या भावाला मारलं. तेव्हापासून त्याला तुमच्या गावातला प्रत्येक माणूस त्यांना भाकरी देणारा वाटतो. तो सैन्याला सरळ तुमच्या गल्लीत घालेल आणि दारं फोडायला लावेल. म्हणून मीच जाणार, असं म्हणाला.

वहिनी, माझं डोकंच फिरलं. काय नाही ते बोलले त्याला. तू गेलास की मला इथून नेतील, मुलींच्या वेण्या तू घालणार आहेस का म्हणून ओरडले. मग म्हणाला की फाट्यावरच्या अक्रोडाच्या झाडापाशी तो वळणार आहे, वरच्या कड्यानं. तिथं अजून गुडघाभर बर्फ आहे, अर्धा दिवस जास्त लागेल, कप्तान चिडेल, पण तुमच्या गावात एक पाऊलही पडणार नाही.

मग मात्र मी पेटी उघडली. तुझी ओढणी काढली, दगडावर बदललेली. त्याच्या गळ्याभोवती बांधली, वर कोट घातला, आणि सांगितलं की जिथं वळशील तिथं झाडाला बांध. बाईची पांढरी ओढणी मधे पडली की भांडणारे पुरुष ती ओलांडत नाहीत, हे माझ्या माहेरी अजून कुणी विसरलेलं नसावं. तहसीनदादा, अक्रोडावर लक्ष ठेव.

मला भीती वाटतेय. पण तुला खरं सांगू? इतका देखणा तो मला लग्नातही दिसला नव्हता.

तुझी,
पेरीखान

खालचं गाव
९ एप्रिल १९९५

माझ्या पेरीखान वहिनीस शंभर सलाम, वि. वि.

मी माझ्याच चुलीशी बसून हे लिहितेय. आधी हे वाच, मग पुढचं.

नवरोझ होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी तोफा सुरू झाल्या. आम्ही बायका-पोरं मशिदीत जाऊन बसलो. दुपारपर्यंत वरच्या कड्यावरून माणसं जाताना दिसत होती, बर्फात काळ्या ठिपक्यांची रांग. खाली कुणीही आलं नाही. एक दार वाजलं नाही, एक कोंबडी गेली नाही. संध्याकाळी मेंढपाळ म्हातारा धापा टाकत आला, त्याच्या हातात ती ओढणी. अक्रोडाच्या खालच्या फांदीला बांधली होती म्हणे, आणि सगळ्या बुटांचे ठसे तिथूनच वर वळले होते.

तरी हाजी तय्यब अडून बसले. ओढा ओलांडला तो ओलांडलाच. खेचरावर खोगीरसुद्धा चढवलं होतं. तहसीन बैठकीत मान खाली घालून बसले होते, मी दारातून बघितलं. मग मला राहवलं नाही. धाकट्याला कडेवर घेतलं आणि सरळ पुरुषांत गेले. ओढणी सतरंजीच्या मधोमध पसरली. म्हटलं, माझ्या भावानं सैन्य आणलं खरं, पण कुणासाठी कुठून वळवलं तेही बघा, आणि ज्याला मला वर पोचवायचंय त्यानं ही ओलांडून यावं.

कुणी हललं नाही गं. चहा गार झाला. शेवटी हाजी तय्यब स्वतः उठले, गुडघे धरत खाली वाकले, ओढणीची घडी केली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. मग खोगीर काढायला सांगितलं. बाहेर आल्यावर मी ती डोक्याला बांधली आणि पायरीवरच धाकट्याला पाजायला बसले.

वरच्या गुहांचं काय झालं कळलं नाही. तिथंही कुणाची तरी पोरं होती, त्यांच्या आयांचा विचार मनात येतो. दादा सुखरूप परतला का? लगेच कळव.

तुझी भाग्याची,
झेरीफे

वरचं गाव
२४ एप्रिल १९९५

झेरीफे वहिनीस सलाम, वि. वि.

तुझं पत्र तुझ्या दादानं तीन वेळा वाचलं, दोनदा माझ्यासाठी आणि एकदा स्वतःसाठी.

तो परत आलाय. पण जरा उशिरा. सैन्य गुहांपाशी पोचलं तेव्हा त्या रिकाम्या होत्या, चुलीतली राखसुद्धा गार. लांबची वाट का घेतली म्हणून कप्तानानं विचारलं, तर यानं सांगून टाकलं की खाली माझी बहीण राहते. खोटं बोलायला काय झालं होतं? पण तुमचं खानदानच तसलं. चार दिवस ठेवून घेतलं, बंदूक काढून घेतली, जागल्यांच्या यादीतून नाव खोडलं. आता बहरी रस्त्यात भेटला तर तोंड फिरवतो. गाव सोडावं लागेल की काय तेही कळत नाही. वान शहरात माझी मावससासू आहे, पण आमच्या झाडाचे अक्रोड उतरवल्याशिवाय इथून हलायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

हा मात्र ताठ मानेनं चालतो. काल मुलींना घेऊन बाजारात गेला, खांदा रिकामा, आणि लोकांना स्वतःहून सलाम करत होता. मी गच्चीवरून बघत होते. वहिनी, मला रडू आलं आणि अभिमानही वाटला.

एक सांगते. बांगड्या, मशीन, जे काय हवं ते बरोबरीनं माग. आमचं जे गेलं त्याची बरोबरी मात्र करायची नाही. तहसीनदादा, कळलं ना?

लोभ सोडू नका,
पेरीखान

खालचं गाव
८ मे १९९५

पेरीखान वहिनीस आणि शेमदिनदादास सलाम, मुलींना पापे. वि. वि.

तुझं पत्र वाचताना तहसीन बंदुकीच्या ओळीपाशी थांबले. चष्मा पुसला. पुढचं वाचलं, अगदी शेवटपर्यंत, तुझी ताकीदसुद्धा. मग परसातल्या अक्रोडाला पाणी घालायला गेले. मला वाटलं, झालं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेशमर्गांच्या ठाण्यावर गेले आणि आपली बंदूक नायकाच्या टेबलावर ठेवली. अठरा वर्षं खांद्यावर होती ती. नायकानं विचारलं, डोंगरातल्यांना भ्यालास की तुर्कांना? हे म्हणाले, कुणालाच नाही, आमच्यात साटंलोटं आहे, एका घरचं गेलं की दुसऱ्या घरचंही जातं. ठाण्यातली माणसं आधी हसली. मग म्हणे कुणी हसेना. नायकानं स्वतः चहा ओतून दिला.

हाजी तय्यबनी सगळ्या गावासमोर यांना मूर्ख म्हटलं आणि संध्याकाळी दारात एक करडू आणून बांधलं. मी दोन दिवस यांच्याशी भांडले, कारण उद्या कोण काय करील कुणास ठाऊक. तिसऱ्या दिवशी यांच्या आवडीचं गव्हाच्या कण्यांचं सावर केलं आणि ताटात दोन डाव जास्त वाढलं. असा नवरा दिल्याबद्दल तुझ्या माहेराला काय म्हणू, पेरीखान!

अक्रोड उतरवायला आम्ही वर येतो. दोन्ही घरचे पुरुष आता हात मोकळे घेऊन फिरताहेत, झाडावर चढवायला बरे.

दादा, हे तूच वाचतोयस ना? तहसीननी बंदूक ठेवली ते मनातल्या मनात वाचून पुढं गेला असशील, मला ठाऊक आहे. ते चालणार नाही. पेरीखानला ऐकू गेलं पाहिजे, मुलींनाही. पाणी पी, आवाज नीट कर, आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाच.

तुझी बहीण,
झेरीफे