अर्थिंगेश्वर

बनेपा,
चैत्र महिना

पूज्य दाइ आणि आदरणीय भाउजू,

थोरले दादा-वहिनी तुम्ही, दोघांच्या पायांवर डोकं ठेवतो. पशुपतिनाथाच्या कृपेने इथे आम्ही बरे आहोत. तिकडे बिर्तामोडला तुमचा गुडघा, भाउजूंचा दमा आणि मळ्यातली चहाची पहिली पानं, तिन्ही ठीक असोत. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही "सगळं ठीक ना?" विचारता, मी "ठीक" म्हणतो, तुमच्या मागे पानं सुकवायचं यंत्र घरघरतं आणि आपलं बोलणं संपतं. शिवाय आज मला सवड आहे. आपली आई, आमा, आत डायलिसिसच्या यंत्रावर आहे, मी बाहेर इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसलोय, आणि गेल्या महिन्यात ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांचे चेहरे एकेक करून डोळ्यांपुढे येताहेत.

आमाला आठवड्यातून दोनदा इथे आणायचं म्हणून आम्ही विजेची गाडी घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या चढाच्या गल्लीत टॅक्सीवाले यायला तयार होत नाहीत, आणि बसथांब्यापर्यंत आमाला चालवत नाही. एकही खेप चुकवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. चुकली तर पायांना सूज येते आणि धाप लागते. तर गाडी आली, आमाने तिला टिळा लावला, फुलांची माळ घातली. गाडीला खायला काय घालायचं, एवढं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून एक लांब वायर ओढून ती अंगणात गाडीला जोडली. नेमका त्याच वेळी यमकलाने भाताचा विजेचा कुकर लावला (तुमच्या धाकट्या भावजयीला भाताला उशीर झालेला चालत नाही, हे मी नव्याने सांगायला नको). आधी वास आला, मग धूर आला, मग भिंतीवरचा बोर्ड मेणासारखा खाली ओघळला. भात अर्धा कच्चा राहिला आणि गाडी उपाशी. घर मात्र शाबूत राहिलं, त्याबद्दल मी हात जोडले.

मग वायरमन पूर्णकाजीला बोलावलं. माणूस मनाचा मोठा, पण वेळेचा त्याचा हिशेब वेगळा आहे. "बाजे, तुमच्या दारातच उभा आहे," असं तो फोनवर सांगतो तेव्हा मागून त्याच्या गावच्या, पनौतीच्या देवळातली घंटा ऐकू येते. (मला इथे सगळे मानाने 'बाजे'च म्हणतात.) अखेर आला. त्याने सांगितलं की गाडीला मीटरपासून स्वतंत्र जाड वायर पाहिजे, स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका पाहिजे, मीटरचा भार वाढवून घ्यायला पाहिजे आणि सगळ्यात आधी अर्थिंग तपासायला पाहिजे. म्हणजे कुठे बिघडलं तर वीज माणसात न शिरता मुकाट जमिनीत जावी, यासाठीची वाट. (आपल्या गावच्या शाळेत विजेचा धडा होता, वीज नव्हती. त्यामुळे मला हे सगळं पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदाच समजलं.) मग पूर्णकाजी अर्थिंगची हिरवी वायर शोधत निघाला. बोर्डाच्या मागून माळ्यावर, माळ्यावरून जिन्यात, जिन्यातून देवघरात. तिथे ती वायर एका खिळ्याला तीन वेढे घालून बांधलेली होती, आणि त्याच खिळ्यावर पशुपतिनाथाची तसबीर टांगलेली होती. पुढे वायर नव्हती. वीस वर्षं आपल्या सगळ्या घराचं अर्थिंग देवाच्या खिळ्यावर चाललं होतं.

पूर्णकाजीने आधी तसबिरीला नमस्कार केला, मग माझ्याकडे वळला. म्हणाला, "श्रद्धा फार चांगली आहे बाजे. पण करंट श्रद्धेने जमिनीत जात नाही, त्याला तांबं लागतं. कुणी केली ही जोडणी?" मी त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितला. दाइ, तुम्हीच तेव्हा वायरिंगचं शिक्षण घेऊन आला होतात आणि बाबांनी मोठ्या अभिमानाने सगळं घर तुमच्या हवाली केलं होतं. मला यात तुमचा दोष काढायचा नाही. इतकी वर्षं कुणाला साधा झटका बसला नाही, याचं श्रेय कुणाला द्यायचं, एवढाच माझ्यापुढे प्रश्न आहे.

घरातलं काम होईपर्यंत गाडी महामार्गावरच्या चार्जिंग स्टेशनात न्यावी लागायची. तिथे विजेवरच्या प्रवासी मायक्रोबसांची ही रांग. एकदा रांगेतच इतका वेळ गेला की आमाची खेप चुकते की काय अशी पाळी आली. ती मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती आणि तिला धाप लागायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरने काचेतून आत पाहिलं आणि तो पुढच्यांना ओरडून म्हणाला, "ए, सरका रे! आमा आहे गाडीत. तुमच्या प्रवाशांना चहा पाजा तोवर." एकेक करून सगळे सरकले. एकाने तर वर मलाच झापलं, "तोंड नाही का तुम्हाला? आधी सांगायला काय झालं?" मला त्यांतल्या एकाचंही नाव ठाऊक नाही. म्हणून संध्याकाळच्या दिव्याला हात जोडताना मी नुसतं 'मायक्रोवाले' म्हणतो. पोचत असेल.

मग अर्थिंगचा खड्डा. आमाचं म्हणणं, जमिनीखाली नाग असतो, त्याला विचारल्याशिवाय फावडं मारायचं नाही. तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात आमा वेताच्या मुढ्यावर बसली, दिवा लागला, उदबत्ती लागली, दुधाची वाटी ठेवली. पूर्णकाजीनेही बूट काढले. खड्डा खणून त्यात त्याने तांब्याची पट्टी उभी केली आणि भोवती कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असे थर रचू लागला. रचताना तो काहीतरी पुटपुटत होता (आपण किती थर घातले हे तो विसरला होता). वर विटांची चौकट केली, लोखंडी झाकण बसवलं आणि विजेला जमिनीत किती अडथळा होतो ते मोजायचं यंत्र लावून पाहिलं, तर काटा पार वर. चैतातली जमीन, आत ओल नाही. "रोज पाणी घाला. काटा खाली आला की गाडी जोडून देतो, त्याआधी नाही," असं म्हणून तो पनौतीला गेला.

आता पाणी आणायचं कुठून? आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते पाव्हण्यासारखं, मनात आलं की. प्यायलाच पुरत नाही तर खड्ड्याला काय घालणार? आमाला तर डॉक्टरांनी दिवसाकाठी मोजकं दोन-तीन पेले पाणी ठरवून दिलंय. तरी ती सकाळी अंघोळीतलं वाचवलेलं तांब्याभर पाणी काठी टेकत जाऊन त्या झाकणावर ओतायची. म्हणायची, "मला नाही तर नाही, त्याला तरी पोटभर मिळू दे."

हे सगळं समोरच्या असमाया आजीने तिच्या खिडकीतून पाहिलं होतं. दिवा, दूध, तांबं, बूट काढलेला माणूस, मंत्र, आणि आता आजारी बाई रोज पाणी घालतेय. दुसऱ्या दिवशी झाकणावर अबीर आणि तांदूळ. तिसऱ्या दिवशी झेंडूची फुलं. चौथ्या दिवशी अख्ख्या गल्लीच्या बायका आपापले कलश घेऊन हजर. त्यात दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, तेव्हा मुलांना घेऊन आयाही येऊ लागल्या. मी घाबरलो. लोकांच्या भक्तीवर आपली गाडी चालवायची, हे मनाला पटेना. सरळ आजीकडे गेलो आणि म्हटलं, "आजी, तो देव नाही. तो करंटचा खड्डा आहे."

"करंट डोळ्यांना दिसतो?"

"नाही."

"वाकड्यात शिरलं तर सोडतो?"

"सोडतो कसला, मारतो."

"आणि नीट वागलं तर घरात उजेड देतो. मग मला सांग बाजे, देव आणखी कसा असतो?"

मी घरी परत आलो.  तुम्हाला उत्तर सापडलं तर कळवा.

पुढच्या वेळी पूर्णकाजीने यंत्र लावलं तर काटा एकदम तळाला. "बघा, माझं मीठ!" असं तो म्हणतोय तोच त्याचं लक्ष झाकणावरच्या अबिराकडे गेलं. सगळी हकीकत ऐकून तो पोट धरून हसला, मग गंभीर झाला, मग दोन्ही हात जोडून म्हणाला, "जय अर्थिंगेश्वर! बाजे, पाया पडतो, कुणाला काही समजावायला जाऊ नका. पाणी थांबलं की काटा परत वर." मी रात्रभर विचार करून एक पाटी लावली: 'येथे फक्त पाणी घालावे.' यात खोटं काही नाही, आणि काहीजणी ओतत त्या दुधामुळे मुंग्या लागायच्या त्याही गेल्या. गाडी मात्र पूर्णकाजीने काटा पाहिला त्याच दिवशी जोडली. आता ती अंगणात चार्ज होते, रोज सकाळी आमा "गाडी जेवली का?" म्हणून विचारते, आणि त्यानंतर आमाची एकही खेप चुकलेली नाही. तिच्या पायांची सूज पुष्कळ उतरली आहे. गल्लीतल्या किती घरांनी आपल्या वाट्याच्या पाण्यातून हे केलं, याची मोजदाद मी करत नाही. नुसता नमस्कार करतो.

परिचारिका हाक मारतेय. थांबतो.

तुमचा धाकटा,
टंकनाथ

ता.क. वैशाखात लेकरांनी आईकडे जाऊन तिचं मुख पाहायचा दिवस येतोय. दरवर्षी तो तुमच्या चहाच्या हंगामात येतो आणि तुम्हाला निघता येत नाही. आमाने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. गाडी घरी चार्ज व्हायला लागली त्याच आठवड्यात मात्र तिने विचारलं, ही बिर्तामोडपर्यंत जाईल का. मी म्हटलं, वाटेत दोनदा जेवू घातलं तर जाईल. तुमच्याकडच्या इस्पितळात मी तिची डायलिसिसची पाळी ठरवून ठेवली आहे, डॉक्टरांनीही हो म्हटलंय. पण तुमच्या घरून तिला तिथे ने-आण करायची तर गाडी तुमच्या अंगणात चार्ज व्हायला पाहिजे. तेव्हा वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, मीटरचा भार आणि कोपऱ्यात खड्डा, एवढं करून ठेवा. वरचं सगळं सविस्तर लिहिलं ते यासाठीच, म्हणजे आमच्या चुका तुम्हाला करायला नकोत.

आणखी ता.क. आम्ही येतोय हे तुम्हाला कळवायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. कळलं तर तुम्ही हंगाम टाकून धावत याल आणि मळ्याचा मालक बोलेल, याची तिला काळजी. मी म्हटलं, न सांगता एवढ्या लांब जायचं म्हणजे काय? तर म्हणाली, "त्याला मुख पाहायला येता येत नाही ना? मग मुख मीच घेऊन जाते. हिंडतं-फिरतं आहे तोवर."