खिशातले पाच किलो

तीर्थस्वरूप थोरल्या मावशीस,

इथूनच पाया पडतो (वाकलोय असं समज, समोर असतो तर आशीर्वादाआधी पाठीत धपाटा बसला असता). तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना, की मालिकेत गुंतलीस की राहून जाते? मी मजेत. मामाही मजेत, म्हणजे आता मजेत. त्याला चार दिवसांत घेऊन येतो असं सांगून निघालो त्याला आज तीन आठवडे झाले, तेव्हा काय घडलं ते सांगणं भाग आहे.

मामा न्हाणीघरात पडला म्हणून तू मला धाडलंस. मी पोचलो तेव्हा तो तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत (जिन्यात मीच दोनदा बसलो, ते असो) एक जाडजूड वही शिवत होता. 'ताईकडे जाऊन काय करू? खिडकीत कुंडीसारखा बसू?' म्हणाला. तुला ठाऊकच आहे, पंचवीस वर्षांपूर्वी एचआयव्ही निघाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला दोन वर्षं दिली होती. मामा शब्दाचा पक्का. तेव्हापासून त्याने दोन वर्षांहून जास्त गॅरंटीची वस्तू घरात आणली नाही. धड गादीसुद्धा नाही. (गाद्यांच्या दुकानात मी सहा दिवस नोकरीला होतो. मालकाने मला त्यातल्याच एका गादीवर झोपलेलं पकडलं आणि नोकरी संपली. गादी मात्र उत्तम होती.) पुढे गोळ्या आल्या, त्या त्याने एक दिवस न चुकवता घेतल्या, आणि विषाणू इतका दबला की तपासणीत सापडेनासा झाला. 'मरायची सगळी तयारी करून ठेवली होती रे,' मामा म्हणाला, 'म्हातारं कसं व्हायचं ते कोणी शिकवलंच नाही.'

शेवटी आमचा करार ठरला. त्याच्या दवाखान्यात वयस्कर रुग्णांची ताकद मोजणार होते. मामा पास झाला तर तुला कळवायचं की गडी धडधाकट आहे, इथेच राहील. नापास झाला तर मुकाट्याने बॅग भरायची. झालं! मी शाळेत केला नाही एवढा अभ्यास आम्ही सहा दिवसांत केला. चार मीटर चालणं, हाताची घडी छातीशी घालून खुर्चीतून पाच वेळा उठणं, सगळं घड्याळ लावून. अडचण एकच, वजन. वर्षभरात मामा पाच किलोंनी उतरला होता. तेव्हा बांधलेल्या पुस्तकांवर दाब द्यायला ठेवतात ती लोखंडी वजनं आम्ही त्याच्या पँटच्या खिशांत घातली. दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

वजनकाट्यावर मामा गेल्या वर्षीइतकाच भरला. नर्सबाई खूश. हाताची पकड मोजायचं यंत्र त्याने असं दाबलं की त्या 'अगं बाई!' म्हणाल्या (चाळीस वर्षं पुस्तकं बांधताना दोरा ओढलाय). मग चालणं आलं. पँट खाली यायला लागली. मामा ती दोन्ही हातांनी धरून, नदी ओलांडावी तसा चार मीटर गेला. आणि मग खुर्ची. हाताची घडी घालायची म्हणजे पँट सोडायची. पहिल्याच फेरीत मामा उठला, पँट बसूनच राहिली. एक वजन घरंगळत टेबलाखाली गेलं. नर्सबाईंनी ते उचललं, काट्यावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, 'काका, हे कोणत्या अवयवाचं?'

मामाचा चेहरा बघवेना. 'चल, बॅग भर,' एवढंच म्हणाला. पण नर्सबाईंनी दोघांनाही बसवून घेतलं आणि असं झापलं, की विचारू नकोस! म्हणाल्या, ही परीक्षा कोणाला घराबाहेर काढायला नाही. इतकी वर्षं एचआयव्ही अंगात असला की शरीर जरा लवकर थकतं, पण वेळेत कळलं तर ही कमजोरी बऱ्यापैकी मागे फिरवता येते. त्यासाठी बारा आठवड्यांचा व्यायामवर्ग आहे, आणि तिथे प्रवेश नापासांनाच! म्हणजे सहा दिवस घोकंपट्टी करून आम्ही मामाचा प्रवेश हुकवत होतो.

वर्गात आठ आजी-आजोबा आहेत, प्रत्येकाला कधी ना कधी 'दोन वर्षं' सांगितलेली. टेलिफोन खात्यातल्या एक निवृत्त बाई तर काठी टेकत आल्या होत्या. आता ती काठी दुसऱ्यांच्या चुका दाखवायला वापरतात. मामा रोज दोन अंडी खातो, चक्कर आणणारी झोपेची गोळी डॉक्टरांनी बंद केली, आणि काल तो जिना मध्ये एकदाच थांबून चढला. तेव्हा त्याला न्यायला रविवारी गाडी पाठवू नकोस.

तुझा,
कुठेच न टिकणारा भाचा

ता.क. वजनांची कल्पना माझी. मामा तुला 'माझी' म्हणून सांगेल, विश्वास ठेवू नकोस.

ता.क. २. मुख्य राहिलंच. घरी व्यायाम करायला जोडीदार लागतो. आधी मीच झालो होतो, पण मामा माझ्याशी शर्यत लावायला गेला आणि दोन दिवस पाठ धरून पडला. नर्सबाईंनी मला काढलं. म्हणाल्या, बरोबरीचं माणूस आणा. म्हणून त्याला तिकडे नेण्याऐवजी तूच इकडे ये. मामा म्हणतो, 'ताई? ती सोफ्यातून उठायला दोन माणसं बोलावते!' मी तुझ्या बाजूने बोललो, पण फार जोरात नाही.

ता.क. ३. येताना तुझ्याकडचा तो वरच्या फळीवरचा कप घेऊन ये, मामासाठी वेगळा ठेवलेला. इथे दोनच आहेत आणि आपण तिघं होऊ. ज्याच्या हाताला जो लागेल तो.