टायरवरचं कुंकू

ऋजू,

तुला उठवलं नाही. कालव्याकडेनं चक्कर मारून येतो. घराची किल्ली घेतली आहे, पोहे झाकून ठेवलेत.

काल दसऱ्याच्या पूजेत तुझ्या मस्टँगच्या पुढच्या टायरांच्या कडांना मी ओलं कुंकू थापलं, ते भक्तीनं नव्हे. तू बसवलेली एवढी रुंद चाकं त्या जुन्या बॉडीत मडगार्डला घासणारच, अशी माझी खात्री होती. म्हणून तर गाडीत तोंड मिटून बसलो होतो. रागावलो नव्हतो गं, कान चाकाकडे होते. तू पूर्ण स्टिअरिंग मारून वळवलीस, गतिरोधकावरून नेलीस, तरी आवाज नाही. आत्ता टॉर्च घेऊन दोन्हीकडे डोकं घालून पाहिलं. मडगार्डला आतून कुंकवाचा ठिपकासुद्धा नाही! आणि ते नवं सस्पेन्शन! वळणावर गाडी जरा म्हणून कलत नाही. आमच्या गाड्यांच्या कंपनीत असा हात दोघा-तिघांचाच होता.

कुणालचा आणि तुझा संसार मोडल्यापासून तू गॅरेजमध्ये कोंडून घेतेस, असं आई म्हणते. कोंडून घेतलेल्या माणसाच्या हातून असं काम होत नाही, हे मी तिला सांगेन. 'गाडी विक आणि पुण्याला परत चल' हे परवाचं बोलणं विसर.

संध्याकाळी पुन्हा बाहेर काढू. मी सवयीनं डाव्या दाराशी गेलो की तू हसतेस, "बाबा, इथे स्टिअरिंग डावीकडे असतं." आज हसू नकोस. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मी पुण्याहूनच काढून आणलंय.

बाबा