चौदा फुल्या

आई, पोरीच्या झिंकच्या गोळीचा आज नववा दिवस आहे, न मी थकली. तिचे जुलाब चौथ्याच दिवशी थांबले. आता घरभर पळून राहिली, मागून मागून वरण-भात खाते, पण चमचा दिसला का तोंड घट्ट. दोन वर्षांचं लेकरू, पण जबड्याची ताकद पहा तिची! गोळी पाण्यात विरघळवली तरी ती लोखंडी चव काही जात नाही. नवरा म्हणतो, "बरी झाली ना ते, आता काहून छळून राहिली तिले?" मी म्हटलं, "चौदा दिवस म्हणजे चौदा." आवाज तुझाच निघाला.

कामठीत किती दारांत म्हटलं असशील तू हे. अंगणवाडीची ती निळी पिशवी, त्यात ओआरएसच्या पुड्या, गोळ्यांच्या पट्ट्या, आणि लिटरची खूण केलेली बाटली, कारण बाया अख्खी पुडी एका गिलासात घोळत. "सरबत नोहे वं ते, पुरं लिटरभर पाणी घे!" शाळेले सुट्टी असली का मी तुझ्या मागं मागं. एकदा एक बाई म्हणते, "दस्त थांबले न बाई, मंग गोळी कायले?" तू पिशवीतून कॅलेंडरचं घडी केलेलं पान काढते. "हे पहा. माह्या पोरीनं चौदाच्या चौदा खाल्ल्या. मी घरी नसतानी. रोजची फुली तिनंच मारली." ती बाई माझ्याकडे पाहते. मी चपलेकडे.

पाच वर्षांची होती मी तेव्हा, त्या जुलाबाच्या वेळी. तू ड्युटीवर निघताना वाटीत गोळी विरघळवून ठेवायची; मी उठली का प्यायची, न फुली मारायची. एवढंच काम होतं.

तू गेल्यावर ते पान पिशवीतच सापडलं. घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं. इतकी वर्षं फिरवलं तू ते. त्याच्याच मागच्या बाजूनं हे लिहून राहिली, दुसरा कागद शोधायचा कंटाळा आला म्हणून. नाही, खोटं. ह्याच कागदावर लिहायचं होतं.

आज सकाळी पोरीनं गोळी थुंकली, पुरी माझ्या कुर्त्यावर. मी कुर्ता पुसला आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नववी फुली मारून टाकली. हात जरासाही अडखळला नाही, आई. सवयीचा हात. त्या चौदातल्या पाचच प्यायली होती मी. बाकीच्या मोरीत. तू ते पान घेऊन घरोघरी गेली, लोकांच्या लेकरांसाठी भांडली, न मी तुले जाऊ दिलं.

कागद भरला. पान परत पिशवीत ठेवते, न दुसरी गोळी विरघळवते. नववी फुली अजून खोडली नाही. तिनं गिळली, तर राहू देईन.