दारूच्या रकान्यात ‘नाही’

बोरगाव, ४ ऑगस्ट २०२५

ती. क्षमाआक्कास,
जय जिनेंद्र, वि. वि.

माझं सगळं बदललं ते चिकोडीच्या स्टँडवर. सौम्या समोर उभी राहिली आन् मला तिचं नावच आठवंना. जिच्यापायी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तिचं. ती आधी हसली, मग तोंड फिरवून बसमध्ये चढली. त्या दिवसापासनं पाच महिने थेंब न्हाय घेतला. पण अकरावीला हॉस्टेलवर लागलेली दारू. मेंदू कायमचा नासला असंल का गं? इथल्या दवाखान्याचे मार्चपासनंचे कागद सोबत धाडलेत, तू कामाला हाईस तिथल्या डॉक्टरास्नी दाखव.

मी सौम्याला सारखा फोन लावतो म्हणून आप्पांनी फोन कपाटात कोंडलाय, म्हणून हे पत्र. त्यांनी एक खासगी दवाखाना शोधलाय. स्टेम सेल, म्हणजे कशाच्याही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, टोचल्या की मेंदू नवा होतो म्हणे. १९ तारखेला जायचंय. मला टोचून घ्यायचंच हाय. त्याशिवाय तिला कुठल्या तोंडानं भेटू?

माया हाय तेवढीच राहू दे.
तुझा अभिनंदन

बेळगाव, ९ ऑगस्ट २०२५

चि. अभिनंदनास अनेक आशीर्वाद.

आमच्या दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टर मॅडमना तुझे सगळे कागद दाखवले. त्या बघतच राहिल्या. दारू घेता का, या रकान्यात मार्चमध्ये आप्पांच्या वळणदार अक्षरात ‘नाही’. कांदासुद्धा न चालणाऱ्या घरातला बाप तिथं ‘हो’ कसं लिहिणार, ते मला कळलं, त्यांना समजावून सांगावं लागलं. त्या एका शब्दापायी चार महिने तू भलत्याच गोळ्या गिळल्यास.

मॅडम म्हणाल्या, मूळ पेशींचं काम अजून प्रयोगशाळेत उंदरांवर चाललंय. दारूनं दुखावलेल्या कोवळ्या मेंदूवर खात्रीचं इंजेक्शन आज कुणाकडंच नाही. पण ऐक. मार्चच्या चाचणीत पंधरापैकी चार शब्द तुझ्या ध्यानात राहिले होते, जुलैत अकरा. एकोणिसाव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो. दारू अशीच लांब ठेवलीस तर बरंचसं भरून येईल. सगळं येईल असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. मी गाडीत बसून पोटभर रडले, सुखानं.

आणि सौम्याला आवडला तो तुझा जुनाच मेंदू. नवा घेऊन काय करतोस?

आठवण ठेव असं सांगत नाही, आता ठेवशीलच.
तुझी क्षमाआक्का

बोरगाव, २० ऑगस्ट २०२५

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आप्पांना वाचून दाखवलं. तरी जाऊन तर बघू म्हणाले. काल तिथं फॉर्म आला आन् सवयीनं त्यांनी ‘नाही’ लिहिलं. मी खोडून लिहिलं, हो, सोळाव्या वर्षापासून, आता बंद. आप्पांनी ते वाचलं. मग माझ्या हातनं पेन घेतलं आन् खाली सही केली. आपल्या घरातली ही गोष्ट पहिल्यांदाच कागदावर आली, आक्का. छातीवरनं धोंडा उतरल्यागत झालं.

मी डॉक्टरला विचारलं, ‘नाही’ असतं तर कुठलं इंजेक्शन दिलं असतं. हेच, म्हणाला. आन् ‘हो’ हाय म्हटल्यावर कुठलं? तरी हेच, म्हणाला.

आप्पांनी फोन परत दिलाय. सौम्याला अजून लावला न्हाय. पुढच्या चाचणीला बेळगावला येतो. तवर लोभ राखून ठेव.
तुझा अभिनंदन

ता. क. भांडलास का, असं विचारशील. डोकं तापलं होतं, खोटं कशाला बोलू. टेबलच उलथावं वाटलं. पण आप्पाच आधी उठले आन् त्या माणसाला हात जोडून जय जिनेंद्र म्हणाले. मी त्यांना पुढं जाऊ दिलं, इंजेक्शन न घेताच मागनं बाहेर आलो आन् दार लावून घेतलं.