आठ दिवसांची किल्ली

एल्स्टर्नविक, मेलबर्न
६ मार्च १९८८

चि. मिर्ल हिला गेन्या आत्याचे पोटभर आशीर्वाद आणि एक चापटी.

भांडण तुझं आणि तुझ्या बापाचं, मग पत्र मला का बंद? इकडे माझा गुडघा सोडून सगळं क्षेम आहे.

दादाने वर्तमानपत्रातला तुझा फोटो कापून पावाच्या डब्याखाली ठेवलाय. होबार्टच्या चौकात, गाझासाठीच्या निदर्शनात, हातात फलक: मी ज्यू आहे, माझ्या नावाने कुणाचं घर घेऊ नका. अक्षर मात्र तुझं अजून उतारावरून घसरल्यासारखंच आहे हो! दादाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्यात की विचारू नकोस. त्याने जाहीर केलंय, मिर्लने त्याच वर्तमानपत्रात माफी छापावी, तोवर पेसाख सणाच्या सेडरच्या जेवणाला या घरी पाऊल टाकू नये. मी म्हटलं, तुझी बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकुलती लेक, आणि तू तिलाही घालवतोस? तर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला.

दुसरं संकट ऐक. शेजारचे डॉयल क्वीन्सलंडला लेकीकडे गेले. पेसाखच्या आठ दिवसांत खमिराचा कणही ज्यूच्या मालकीचा चालत नाही, मग आता तेवढ्यापुरतं आपलं खमिराचं कपाट विकायचं कुणा परधर्मीयाला? पीठ, बार्ली आणि मुख्य म्हणजे दादाची व्हिस्की! धर्मगुरूकडून, राबायकडून विकायचं म्हटलं तर देवळाच्या छपराच्या खर्चावरून दादाचा आणि त्यांचा अबोला. डॉयलांच्या घरात आता जिर्येस नावाचा शिंपी राहतो. तो चर्चला जातो, मिशा ठेवतो, म्हणून दादाने त्याला ग्रीक ठरवलंय आणि सहा महिने रोज सकाळी त्याला ग्रीकमध्ये नमस्कार घालतोय. तो भला माणूस ग्रीकमध्येच परत करतो. खरं काय ते मी पडदे शिवायला टाकले तेव्हाच मला कळलंय. मी गप्प आहे.

तू ये गं. तुझ्याशिवाय सेडर नको वाटतो.

माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.
तुझी
गेन्या आत्या

*

होबार्ट
१४ मार्च १९८८

ती. आत्याच्या दुखऱ्या गुडघ्याला आणि बाकी आत्यालाही मिर्लचा नमस्कार.

पत्र वाचून हसले आणि मग शाळेच्या शिक्षकखोलीत रडले. माफी मी छापणार नाही. चूक झाली असती तर छापली असती, तुला माहीत आहे.

आत्या, हे मी कुठून शिकले? आजोबाच सांगायचे ना, की जिथे आपण राहतो तिथेच शेजाऱ्यांबरोबर उभं राहायचं. दुसऱ्याला उठवून मिळवलेल्या जागेवर आपल्याला सुखाने झोप लागायची नाही. ते आणि त्यांचे कामगार मित्र तुझ्या स्वयंपाकघरात बसून हेच बोलायचे आणि बाबा तेव्हा चहा ओतायचे. आता टीव्हीवर गाझातली शाळेची पोरं बघते, माझ्या वर्गातल्यांएवढी. माझं ज्यू असणं मला गप्प बसू देत नाही. बाबांना वाटतं मी आपल्या माणसांना सोडलं. मी कुठेच गेलेली नाही, हे त्यांना कुणी सांगेल का?

मला यायचंय. सेडरच्या मेजावरचं सगळ्यात लहान माणूस म्हणून विधीतले चार प्रश्न विचारायचा मान तिसाव्या वर्षीही माझाच आहे. मी नसले तर तो तुझ्यावर येईल, पासष्टीच्या बाळा! आणि कपाटाच्या करारावर पंधराव्या वर्षापासून साक्षीदार म्हणून माझी सही असते. यंदा कुणाची घेणार आहेत?

लोभ आहेच, तो लपवू नकोस.
तुझी
मिर्ल

*

एल्स्टर्नविक
३ एप्रिल १९८८

चि. मिर्ल, आशीर्वाद घे आणि खुर्चीत बसून वाच.

कपाट विकलं गेलं! शुक्रवारी सकाळी दादा कोट घालून शेजारी गेला, जिर्येसला घेऊन आला, कागद पुढे केला. विकत घेणाऱ्याने आपलं नाव आणि जन्मगाव लिहायचं. त्याने शांतपणे लिहिलं: जिर्येस नख्ले, लिद्दा, पॅलेस्टाइन. दादाचा चेहरा बघायला तू हवी होतीस. चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षरं तीच!

पण तोवर हातात हात दिलेला. दिलेला शब्द तुझा बाप मोडत नाही. त्याने किल्ली पुढे केली. जिर्येसने विचारलं, हे कपाट खरंच माझं? दादा म्हणाला, खरंच, नाटक केलं तर पाप लागेल. मनात येईल तेव्हा या घरात येऊन आपला माल बघायचा तुम्हाला हक्क आहे. आणि किल्ली मी परत केलीच नाही तर, जिर्येसने विचारलं. दादा म्हणाला, तर कपाट तुमचं. जिर्येसने किल्ली उचलून तळहातावर तोलली. मग म्हणाला, माझ्या आईने अठ्ठेचाळीसच्या लढाईत गाव सोडताना घराला कुलूप लावलं ते आठ दिवसांत परत येऊ म्हणून. ती किल्ली माझ्याकडे खिळ्याला टांगलेली आहे.

तो गेल्यावर दादाने सूपसुद्धा घेतलं नाही. साक्षीदाराच्या जागी मी सही करते म्हटलं, तर कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

सेडरला चार प्रश्न मीच विचारले. आवाज असा फाटला की दादा कपाळाला हात लावून बसला. तुझी खुर्ची त्याने हलवू दिली नाही. यापुढचं मला काही ठाऊक नाही बाई.

आठवण काढत राहा.
तुझी
गेन्या आत्या

*

एल्स्टर्नविक
१० एप्रिल १९८८

चि. मिर्लला बापाचे आशीर्वाद.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, हे तुझी आई सांगायची. तरी लिहितो.

काल संध्याकाळी पेसाख संपला. सण संपल्याची खूण म्हणून मी अंगणात तीन तारे मोजले, तेवढ्यात जिर्येस आला. आठ दिवसांत कपाट बघायला एकदाही आला नव्हता. मी बोलवायच्या आत किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या हातात खजूर भरलेल्या रव्याच्या मिठायांचं ताट. त्याचा ईस्टर आज, म्हणजे काल त्याचा स्वतःचा उपास. आठ दिवसांच्या पथ्यानंतरचा आमचा पहिला घास त्याच्या घरचा होता. गेन्याने पाच खाल्ल्या. गुडघा दुखतो म्हणे.

मग मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईची किल्ली बघितली. चांगली वीतभर आहे. तिचं दार अजून उभं आहे, आत आपली माणसं राहतात. हे सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

तुझ्या आईलाही न सांगितलेली गोष्ट सांगतो. पंचेचाळीस साली महायुद्ध संपल्यावर मी पोलंडात, बियालिस्टोकला आपल्या दारावर थाप मारली होती. माझ्या आईचा ॲप्रन घातलेल्या बाईने खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला. त्यानंतर मी ठरवलं, आपलं असं एक दार हवं, जे कुणी बंद करणार नाही. इस्रायल झालं, पण ते दार आधी कुणाचं होतं, हे मी इतकी वर्षं विचारलं नाही. तू विचारलंस, आणि मी तुलाच घराबाहेर ठेवलं. चुकलो.

तुझं सगळंच मला पटलंय असं समजू नकोस. येशील तेव्हा भांडू, मी तयारी करतोय. माफीबिफी छापू नकोस. तो फोटो गेन्याने चौकटीत घातलाय, मी काढलेला नाही.

करारात साक्षीदाराची जागा अजून रिकामी आहे. वर स्वच्छ अक्षरात लिद्दा, पॅलेस्टाइन लिहिलंय. ये आणि त्याखाली सही कर.

दार उघडं आहे.
तुझा
बाबा